रिव्हर्सच्या दिव्याचं प्रॅक्टिकल

सांगू की नको, असं माझं दोन महिने चाललं आहे. सांगितलं तर तुम्ही हसणार, आणि नाही सांगितलं तर माझी बहीण, अक्का, सांगणार. ती सांगते तेव्हा वरून तिखटमीठ असतं. म्हणून म्हटलं, आपणच सांगून मोकळं व्हावं. चहा घ्या. साखर कमी वाटली तर बोला. मला स्वतःच्या हातच्या चहाचीही कधी खात्री नसते.

मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होतो. लातुरातल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं शिकवलं. पीएचडी कशावर, ते विचारू नका. विचारलंच तर सांगतो: धातूच्या पातळ थरातून वीज कशी वाहते, यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण वीतभर तारेतून वीज वाहते की नाही, एवढ्यावरच घडलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी गाडी घेतली होती. तिला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं. नेमका तेव्हाच पुण्याहून अमोलचा, म्हणजे माझ्या मुलाचा, फोन आला.

"बाबा, आता पुरे झालं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गाडी कशाला पाहिजे? रिक्षा आहेत की."

"रिक्षानं रेणापूरला अक्काकडं जाऊ?"

"रेणापूरला एसटी जाते. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आहे, चांगली किंमत देतोय."

मी नाही म्हटलं, तो हो म्हणाला, असं अर्धा तास चाललं. शेवटी त्यानं अट घातली. सोमवारी पासिंग आहे ना? पहिल्या खेपेत गाडी पास झाली तर ठेवा. नापास झाली तर ती गिऱ्हाईकाची. माझी बायको तेव्हा नातवाच्या परीक्षेसाठी त्याच्याकडंच होती. मागून तिचा आवाज आला, "तोंडी नको, लिहून घे त्यांच्याकडून."

मी लिहून दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर, तारखेसकट.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या गाडीसाठी एवढं काय? गाडी गेली तर मी कुठं जाणार, हा प्रश्नच नव्हता हो. मला जाण्यासारखी ठिकाणं उरलीत किती! पण मी कुठं जाणार हे उद्यापासून दुसऱ्याला विचारून ठरणार, हा प्रश्न होता. तो मला झोपू देत नव्हता.

शनिवारी सकाळी खाजाभाईंना बोलावलं. खाजाभाई माझे मेकॅनिक. गाडी नवी होती तेव्हापासून तिला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नाही. त्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले, मला आत बसवून एकेक गिअर टाकायला लावला आणि स्वतः मागं जाऊन उभे राहिले.

"सर, सगळं ओके. फक्त रिव्हर्सची लाईट लागत नाही."

"बल्ब गेला असेल."

"बल्ब बघितला, चांगला आहे. बटन गेलं असेल."

हे बटन म्हणजे काय, ते सांगतो. गिअरबॉक्सच्या अंगाला एक छोटं बटन पेचानं बसवलेलं असतं. रिव्हर्स गिअर टाकला की आतून ते दाबलं जातं, दोन वायरी जोडल्या जातात आणि गाडीच्या मागचा पांढरा दिवा लागतो. संपलं. नववीतल्या पोराला कळेल असं यंत्र.

खाजाभाई म्हणाले, "उद्या भाचीचं लग्न आहे उदगीरला, आजच निघतोय. उद्या चार वाजता बटन घेऊनच येतो. दहा मिनिटांचं काम. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका, असं मला सांगणं म्हणजे म्हशीला पाण्यात बसू नको म्हणण्यासारखं आहे. त्यात ते 'गेलं आहे' म्हणाले असते तर ठीक होतं. ते 'गेलं असेल' म्हणाले. त्या 'असेल'वर मी रात्र काढली. बटन बदललं आणि तरीही दिवा लागला नाही तर? रविवारी संध्याकाळी कुठला मेकॅनिक शोधायचा? छे, शास्त्रीय पद्धतीनं आधी खात्रीच करून घ्यायला हवी.

परीक्षा अगदी सोपी होती. बटनावरची वायरींची टोपी काढायची. चावी फिरवून ठेवायची, इंजिन बंदच. मग टोपीतल्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा लावायचा. दिवा लागला तर वायरी ठीक, बल्ब ठीक, दोष बटनात. नाही लागला तर दोष दुसरीकडं. हँडब्रेक लावून, चाकांमागं दोन विटा ठेवून मी रविवारी सकाळी अकरा वाजता बॉनेट उघडलं. बटन बॅटरीच्या खाली, हात जाईल न जाईल अशा जागी. त्यात बॉनेट उभं राहिल्यामुळं मला गाडीच्या मागचं काहीच दिसेना. म्हणजे मागं माणूस हवा.

घरात माणूस एकच होतं. माझी थोरली बहीण, अक्का. वय एकोणऐंशी, राहणार रेणापूर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं आली होती. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि नव्या डोळ्याचा तिला इतका अभिमान होता की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग ती येणाऱ्याजाणाऱ्याला मोजून दाखवायची.

"अक्का, जरा गाडीच्या मागं खुर्ची टाकून बसतेस का?"

"कशाला? अंगावर गाडी घालून राहिलास का काय?"

"गाडी हलणार नाही. मागं एक पांढरा दिवा आहे. तो लागला की सांगायचं, एवढंच काम."

"हाव. तुरीच्या शेंगा घेऊन बसते. हात रिकामं नको."

ती बसली. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. आधी तारेशिवाय विचारलं.

"दिवा लागला का?"

"न्हाई."

दोन टोकांना तार टेकवली.

"आता?"

"लागला."

मंडळी, इथं मी थांबलो असतो तर आज तुम्हाला चहाबरोबर सांगायला माझ्याकडं काही नसतं. दोष बटनात, सिद्ध झालं होतं. पण चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये. म्हणून मी तार काढली आणि विचारलं,

"आता?"

"वाढला."

मी तिथंच थबकलो. तार काढली, म्हणजे वीज जाण्याचा रस्ता तोडला. आणि दिवा वाढला?

पुन्हा तार लावली.

"लागला."

काढली.

"वाढला."

"नीट बघून सांग अक्का. वाढला?"

"अरं वाढला म्हनले की."

"किती वाढला?"

"किती म्हंजे? सगळाच वाढला."

"हळूहळू वाढला की एकदम?"

"एकदम."

"तुझ्या डोळ्यांना त्रास नाही ना होत?"

"मला कशाचा तरास? माझं डोळं चांगलं हायेत. सारखं लाव-काढ, लाव-काढ काय करून राहिलास? दिव्याचा असा खेळ करू ने."

तुम्हाला यातलं गांभीर्य कळतंय का? नळ बंद केल्यावर धार मोठी होते, असं कोणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? मी वही काढली. एकूण बारा वेळा प्रयोग केला. बाराच्या बारा वेळा उत्तर तेच: तार लावली की लागला, काढली की वाढला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. तुम्ही स्वतः मागं जाऊन का नाही पाहिलंत? गेलो होतो. पाचव्या प्रयोगाच्या वेळी चार पावलं टाकलीसुद्धा.

"कुठं निघालास?" अक्का म्हणाली.

"जरा बघतो."

तिनं शेंगांची पाटी खाली ठेवली. "म्हंजे माझ्या डोळ्यावर इस्वास न्हाई तुझा. डाक्टरनं सांगितलं, अम्मा, आता सुईत दोरा ववून दाखवा. आन् हा माझा भाऊ. एवढा शिकला, त्याला बहिनीला दिसतं का न्हाई ह्याचीच शंका."

मी परत फिरलो. निसर्गनियम मोडला तर मोडला, अक्काचं मन मोडायची माझी आजवर कधी हिंमत झालेली नाही.

मग मी बिराजदार सरांना फोन लावला. हे माझे जुने सहकारी, आता नांदेडला असतात. विषय इलेक्ट्रॉनिक्स. शंका आली की मी त्यांना फोन करतो, आणि त्यांच्याशी बोलून झालं की माझ्याकडं दोन शंका असतात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "निरीक्षक कोण?"

"थोरली बहीण."

"विज्ञान शाखा?"

"चौथी पास."

"उत्तम. म्हणजे पूर्वग्रह नाही." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सर, हा ऋण रोध असू शकतो." ऋण रोध म्हणजे दाब वाढवला की वीज वाढण्याऐवजी कमी होते, अशी उलटी चाल.

"पंधरा वर्षांच्या गाडीत?"

"गंज, ऑइल, धूळ. पंधरा वर्षांत वायरीवर काय थर बसला असेल, सांगता येतं का? तुमची पीएचडी तर थरांवरच होती."

आता बघा, माणूस म्हातारा झाला तरी असं काही ऐकलं की पाघळतो. हयातभर मी पातळ थर शोधत हिंडलो आणि तो माझ्याच दारात, बॅटरीखाली बसला होता. आम्ही दीड तास बोललो. मी आलेख काढला. 'एकदम वाढला' म्हणजे रेघ थेट उभी. बिराजदार म्हणाले, पेपर होईल. मी म्हटलं, पण उद्या पासिंग आहे. ते म्हणाले, "मग बटन बदलू नका. एक तर बटनाशिवायच दिवा वाढतोय, म्हणजे दोष बटनात नाही. आणि तिथं काहीही बदललं तर पुरावा नष्ट होईल."

पटलं मला. मी खाजाभाईंना उदगीरला फोन केला. मागं लग्नाचा बँड वाजत होता.

"खाजाभाई, बटन आणू नका."

"का सर? लाईट लागली?"

"बटन काढल्यावर जास्त लागते."

ते बँडपासून जरा लांब गेले. मग फक्त एवढंच विचारलं, "सर, सकाळची बीपीची गोळी घेतली ना?"

गोळी घ्यायची राहिली होती, ती घेतली. तेवढ्यात मनात आलं, अक्का आता देवघरात गेली आहे, आपण गुपचूप मागं जाऊन बघावं. तारेचा तुकडा टोकांत घट्ट खोवला, मागं गेलो. दिवा नव्हता. तार काढली, मागं गेलो. दिवा नव्हता. पुन्हा पुढं आलो, चावीकडं पाहिलं आणि उलगडा झाला. अकरा वाजल्यापासून चावी फिरवलेलीच होती. जुनी बॅटरी पार उतरली होती. स्टार्टर मारला तर इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं.

आता हिशेब बघा. सकाळी गाडीचा फक्त एक दिवा लागत नव्हता. दुपारी गाडीच लागत नव्हती. बटन नको म्हणून मीच कळवलं होतं, आणि उद्या दहा वाजता आरटीओ. मला अमोलचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तो जाड होता आणि माझ्या सीटवर बसून सीट मागं सरकवत होता.

चारला पाच मिनिटं कमी असताना खाजाभाई दारात हजर. लग्नातलाच कुर्ता अंगावर, आणि हातात बटनाची पुडी.

"मी आणू नका म्हणालो होतो ना?"

"सर, तुम्ही इतक्या जोरात नको म्हणालात, म्हणजे लागणारच."

मी त्यांना वही दाखवली. बारा प्रयोग, आलेख, बिराजदारांचं मत. त्यांनी सगळं आदरानं पाहिलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि सरळ अक्काकडं गेले.

"अम्मा, सर तार काढत होते तेव्हा दिव्याचं काय होत होतं?"

"वाढत होता."

"वाढत होता म्हणजे बुझत होता का?"

"मग दुसरं काय? भरल्या घरात दिवा इझला म्हनू व्हय?"

खाजाभाई हसले नाहीत. त्यांचा हा मोठेपणा मी जन्मभर विसरणार नाही. उलट अक्काला म्हणाले, "बरोबर आहे अम्मा. आमची अम्मीपण कधी 'चिराग बुझा दो' बोलली नाही. 'चिराग बढ़ा दो' बोलायची."

मी उभा होतो तो चाकाजवळच्या विटेवर बसलो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. हे मला माहीत नव्हतं का? आमची आई देवघरातला दिवा रोज रात्री वाढवायची, आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचो.

तरी शेवटचा एक धागा मी सोडला नाही. म्हटलं, "पण अक्का, घरातली ट्यूब घालवलीस की तू 'लाईट बंद केली' म्हणतेस. तिला कधी वाढवलीस?"

"ती लाईट हाय." अक्का मला समजावून सांगावं तसं म्हणाली. "तू सकाळी लाईट म्हनला असतास, तर मी बंद झाली म्हनले असते. तू दिवा म्हनलास. मला वाटलं, एवढा शिकलेला मानूस दिवा म्हनतोय, म्हंजे मानाचं काहीतरी असंल."

खरं होतं. तिला सोपं जावं म्हणून मीच सकाळी 'लाईट' टाळून 'दिवा' म्हणालो होतो. लाईट हा शब्द रेणापुरात माझ्या आधी पोचला आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढचं काम खरोखर दहा मिनिटांचं निघालं. खाजाभाईंनी आपल्या जीपच्या बॅटरीवरून तारा लावून माझी गाडी सुरू करून दिली. मग ती बंद करून पान्यानं जुनं बटन सोडवलं. दोन थेंब ऑइल गळलं. नवीन वॉशर, नवीन बटन, वायरींची टोपी. मी आत बसून रिव्हर्स टाकला. ते मागून म्हणाले, "ओके सर." बिराजदारांना मी अजून काही कळवलेलं नाही. ते पेपरची प्रस्तावना लिहीत आहेत, असं परवा त्यांचाच मेसेज होता. मला धीर होत नाही.

सोमवारी आम्ही तिघं आरटीओत गेलो. खाजाभाई बॅटरीचा भरवसा नव्हता म्हणून आले, आणि अक्का माझा भरवसा नव्हता म्हणून. गाडी मीच चालवली; अक्काच्या मांडीवर माझी कागदांची फाईल. इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स, आरसी, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. तपासणीला एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी चेसिस नंबर पाहिला, ब्रेक पाहिला, इंडिकेटर पाहिले. मग मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, रिव्हर्स टाका."

टाकला. त्या दोन सेकंदांत मी पीएचडीच्या तोंडी परीक्षेत घामेजलो नव्हतो एवढा घामेजलो.

"ओके."

एवढंच. गाडी पास. पाच वर्षांसाठी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग तिथूनच अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. शब्द म्हणजे शब्द. गाडी तुमची." मागं बायकोचा आवाज आला, पण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

मॅडम कागदावर सही करत होत्या. सही करता करताच त्यांनी विचारलं, "काका, गाडी तुम्हीच चालवत आणली ना? लायसन्स बघू."

अभिमानानं दिलं. त्याच्याही तीन झेरॉक्स होत्या.

त्यांनी लायसन्स पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा लायसन्स.

"काका, हे सात महिन्यांपूर्वीच संपलंय."

मी चष्मा पुसून बघितलं. संपलं होतं. गाडीचा एकेक कागद चार वेळा तपासणारा मी, स्वतःच्या तारखेकडं एकदाही बघितलं नव्हतं.

"दंड लावत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण आता नूतनीकरण होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका. तुमच्या वयात डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल. डोळे वगैरे."

"माझ्या डाक्टरकडं घेऊन जाते त्याला," अक्का मागच्या सीटवरून म्हणाली. "सुईत दोरा ववायला लावतेत."

खाजाभाई स्टिअरिंगच्या बाजूला आले. मी खाली उतरलो. गाडी दोन टेंपोंच्या मधून मागं काढायची होती. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि मागचा तो दिवा लागला. पांढरा, लख्ख, तळहाताएवढा. पंधरा वर्षांत मी तो पेटलेला पहिल्यांदाच बघत होतो. चालवणाऱ्याला तो कधी दिसतच नाही.

खाजाभाईंनी काच खाली करून विचारलं, "सर, लाईट लागली?"

"लागली," मी म्हणालो. चांगला मोठ्यानं म्हणालो. गाडी पास झाल्यानंतर त्या गाडीबाबत मला कायद्यानं करता येण्यासारखं तेवढंच एक काम उरलं होतं.